हार्ड डिस्कची वाटणी

कोकणात ‘पार्टिशन’ हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. पोर रांगायला लागतं तेव्हापासून तो त्याच्या कानावर पडत असतो. आमच्या घराखालच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर ४१ नावं आहेत. त्यातली १४ वारलेली, ९ मुंबईत, २ मस्कतला, आणि एक नाव कुणाचं ते कुणालाच ठाऊक नाही. पण ते काढायलाही कुणी तयार नाही, न जाणो उद्या उगवला तर. वाटणीचा दावा आजोबांनी लावला, वडिलांनी चालवला आणि मी त्याच्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहितो. मागल्या दारचा कापा फणस नक्की कुणाच्या वाट्याचा हे अजून ठरायचंय, त्यामुळे त्याचे गरे दर मे महिन्यात माकडं खातात. माकडांची नावं सातबाऱ्यावर नाहीत, हाच त्यांचा फायदा.

अशा घरात वाढलेल्या माणसासमोर कॉम्प्युटरने एक आडवी पट्टी ठेवली. एकीकडे विंडोज, दुसरीकडे लिनक्स, मध्ये दुभाजक. तो माउसने धरायचा, हवा तिथे नेऊन सोडायचा, की ज्याचा वाटा त्याला. वकील नाही, तलाठी नाही, मोजणीवाला नाही, बांधावर उभी राहून बोटं मोडणारी चुलती नाही. मी खुर्चीवरून उठलो, माठातलं पाणी प्यालो आणि परत येऊन बसलो. पट्टी तशीच होती.

हे सगळं ओढवलं पुतण्यामुळे. तो डोंबिवलीला असतो आणि कॉम्प्युटरमधलं काहीतरी करतो. काय करतो ते त्याच्या आईलाही सांगता येत नाही. चवथीला घरी आला की आधी गणपतीपुढे हात जोडतो आणि मग माझ्या कॉम्प्युटरपुढे कपाळाला हात लावतो. आता माझा कॉम्प्युटर २०१४ सालचा. कुडाळहून टेम्पोतून आला तेव्हा शेजारच्या आबांनी त्याला नारळ फोडला होता. खाऱ्या वाऱ्याने त्याच्या मागचे स्क्रू असे गंजलेत की त्यांना आता स्क्रू म्हणण्यापेक्षा डाग म्हणावं. पावसाळ्यात पोटात मुंग्या राहायला येतात, पंख्याच्या उबेला एक पाल कायमची वस्तीला आहे. त्यावर मी होमस्टेचं बुकिंग, देवळाचा जमाखर्च आणि हे असले लेख सांभाळतो. तक्रार नव्हती.

२०२५ च्या चवथीला पुतण्या त्याच्यासमोर बसला, काहीतरी वाचलं आणि म्हणाला, ‘काका, हे १४ ऑक्टोबरला मरणार.’

‘कोण?’

‘तुमचं विंडोज टेन.’

आतून बायको हातात झारा घेऊनच बाहेर आली. ‘चवथीच्या दिवसांत मरणाची भाषा कित्याक रे?’

मग त्याने शांतपणे सांगितलं. त्या तारखेनंतर विंडोज टेनला सुरक्षेचे नेहमीचे अपडेट यायचे नाहीत. विंडोज इलेव्हन घ्यावं, तर त्याला मदरबोर्डवर टीपीएम नावाची व्यवस्था लागते, तीही २.० च्या मापाची. आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. माझा चौथ्या पिढीचा. मला हे काही पटलं नाही. आमच्याकडे जितक्या मागच्या पिढीचा पुरावा दाखवाल तितका मान मोठा. इथे चौथ्या पिढीच्या खानदानी प्रोसेसरला दारातच उभं करतात आणि कालपरवाच्या बाराव्या पिढीला पाट देतात.

‘मग नवीन घेऊ?’ मी विचारलं, आणि विचारताना आवाज मुद्दाम खोल काढला.

‘कशाला? लिनक्स टाका. चकटफू. लहान मूलसुद्धा टाकेल.’ आणि पाच दिवसांचे गणपती पोचवून तो कोकणकन्येने निघून गेला. मागे ठेवला एक पेनड्राईव्ह, त्यावर मोदकाच्या तुपाचं बोट.

‘लहान मूलसुद्धा’ म्हटलं की मी सावध होतो. आमच्या गावची लहान मुलं दहाव्या वर्षी खाडीत होडी वल्हवतात. त्यांच्यासारखं मला काहीच येत नाही.

नवरात्रात फोन करून त्याला विचारलं, लिनक्स कुठून आणायचं. तो म्हणाला, कुठलं? माझी समजूत होती की लिनक्स एकच. तर तसं नाही. लिनक्स ही एक भावकी आहे, आणि भावकी म्हटल्यावर माझी खुर्ची आपोआप पुढे सरकली. मूळपुरुष फिनलंडचा लिनस टोरवाल्ड्स. हेलसिंकीला शिकणारा २१ वर्षांचा पोरगा. २५ ऑगस्ट १९९१ रोजी त्याने जगाला कळवलं की आपण एक ऑपरेटिंग सिस्टिम करतोय, छंद म्हणून, फार मोठी काही व्हायची नाही. (आमच्या पणजोबांनीही एवढंसं खोपटं म्हणूनच घर बांधायला घेतलं होतं.) १९९३ साली इयान मर्डॉकने डेबियन काढलं, नाव स्वतःचं आणि मैत्रीण डेब्राचं जोडून. आमच्याकडे मुंबईहून पैसे आले की बंगल्यांना अशीच नावं देतात. २००४ साली डेबियनच्या घरातून उबुंटू वेगळा झाला. २००६ साली उबुंटूच्या घरातून मिंट वेगळा झाला, तो क्लेमाँ लफेव्र नावाच्या माणसाने केला. अशा वेगळ्या चुली शेकड्यांनी. कुणाचं कुणाशी पटलं नाही की तो आपलं बिऱ्हाड काढतो.

इथवर सगळं ओळखीचं होतं. पुढचं मात्र मला रात्रभर पुरलं. या भावकीत वेगळा निघणारा सगळं घर घेऊन निघतो, आणि मागे राहिलेल्याचंही सगळं घर शाबूत राहतं. विहीर दोघांना पूर्ण. फणस दोघांना पूर्ण, गऱ्यांसकट. वेगळ्या झालेल्याने विहिरीत नवा रहाट बसवला तर थोरल्या घरालाही तो आपल्या विहिरीवर बसवून घेता येतो. हे ऐकल्यावर मी आमच्या वकिलांचा विचार केला. त्यांनी खायचं काय?

पुतण्याने माझ्यासाठी मिंट ठरवलं, म्हणजे पुदिना. त्याच्या पडद्याच्या मांडणीचं नाव सिनॅमन, म्हणजे दालचिनी. मिंटवाले आपल्या आवृत्त्यांना बायकांची नावं देतात, सगळी आकारान्त. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेली २२.२ वी आवृत्ती झारा. मी हे वहीत लिहून घेत असताना बायकोने खांद्यावरून वाचलं.

‘पुदिनो, दालचिनी, झारो... तुमी कॉम्प्युटर करतास काय कोंबडी शिजयतास?’

गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. संध्याकाळी किनाऱ्यावर रापण ओढायची होती, तिथे आबांनी मला गाठलं. ‘फुकट म्हणतंस? मगे तेंका काय गावता?’ आबांचं म्हणणं बरोबर होतं. फुकट या शब्दाला आमच्याकडे वास येतो, दुपारनंतरच्या बांगड्यासारखा. कुणीतरी फुकट काही देतो म्हणजे पुढे त्याची जागेवर नजर आहे, हे आम्हांला पिढ्यान्‌पिढ्या पाठ. मी पुतण्याकडून ऐकलेलं सगळं सांगितलं: जगातले हजारो लोक त्यात थोडं थोडं काम घालतात, ते सगळ्यांसाठी उघडं असतं, हवं त्याने वापरावं, बदलावं, वाटावं. आबांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

उत्तर दिलं ते दोर ओढणाऱ्या एका रापणकराने, मान न वळवता. ‘आबानू, ही रापण कोणाची?’

हे ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: होडीतून जाळं समुद्रात अर्धगोल टाकत नेतात, त्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावर येतात आणि दोन्हीकडे माणसं रांगेने उभी राहून दोर ओढतात. तास-दोन तास. मासळी वाळूवर आली की वाटे पडतात. ज्याने दोराला हात लावला त्याला वाटा. शाळेतून घरी जाणारं पोर दप्तर वाळूवर टाकून दहा मिनिटं ओढून गेलं तरी त्याच्या पिशवीत चार तारले पडतात, आणि नुसतं बघत उभ्या राहिलेल्या म्हातारीलाही रिकाम्या हाताने कुणी पाठवत नाही. कसं परवडतं हा प्रश्न तिथे कुणी विचारत नाही. एकट्याने ती ओढताच येत नाही, एवढंच कारण.

‘आणि आबा,’ मी संधी साधून म्हटलं, ‘तुमच्या खिशातल्या फोनच्या पोटातही लिनक्सच आहे. अँड्रॉइड त्याच्यावरच उभं आहे. जगातले सगळ्यात वेगवान ५०० महासंगणक मोजतात ना, नोव्हेंबर २०१७ पासून ते पाचशेच्या पाचशे लिनक्सवर चालतात.’

आबांनी फोन खिशातून काढला, उलटा करून पाहिला आणि कमरेला दुसऱ्या बाजूला खोचला. ‘मगे तुझोच कसो चलणा नाय?’

मिंटची फाईल जवळपास तीन जीबीची. आमच्या ओटीवर नेट येतं ते फिरायला आल्यासारखं, बसत नाही. पक्की रेंज फक्त त्या वादातल्या फणसाखाली. तेव्हा फोन फणसाच्या बेचक्यात ठेवून मी खाली खुर्ची टाकून बसलो. मुंबईच्या चुलतभावाला कुणीतरी ते कळवलं असावं, कारण रात्री त्याचा फोन आला: फणसाखाली काय चाललंय? मी म्हटलं, डाउनलोड. तो म्हणाला, काही बांधू नकोस.

पेनड्राईव्हवर ती फाईल चढवताना त्यावरचं आधीचं सगळं पुसलं जातं. तशी सूचना आली होती. मी ती वाचलीही होती. पुतण्याने त्यात आपल्या गावच्या जत्रेतल्या दशावताराचे चार व्हिडिओ ठेवले होते, हे मला त्याने नंतर सांगितलं. रात्रभराचं नाटक, संकासुरासकट गेलं. संकासुराने वेद चोरले होते, इथे मी संकासुरच पळवला.

त्या धक्क्याने शहाणा होऊन कॉम्प्युटरमधलं सगळं बाहेर काढून ठेवायचं ठरवलं. याला बॅकअप म्हणतात. आमच्या तालुक्यात गावपळण म्हणतात. आचऱ्याला दर तीन-चार वर्षांनी रामेश्वराच्या कौलाने अख्खा गाव तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर जातो, गुरंढोरं, कोंबड्या, कुत्री सगळ्यांसकट, आणि देवाने पुन्हा कौल दिला की परत येतो. मीही देवळाचा जमाखर्च, पाहुण्यांच्या याद्या, मुलीच्या लग्नाचे फोटो असे सगळे जीव एका बाहेरच्या डिस्कवर नेऊन बसवले. एक फोल्डर निघताना हरवलं. त्यात काय होतं ते आठवत नाही, म्हणजे ते महत्त्वाचं असणार.

दिवाळी झाली आणि एका मंगळवारी मी पेनड्राईव्ह लावला. आबा हजर होते. गाऱ्हाणं घातल्याशिवाय या गावात चुलीवर नवीन तवासुद्धा चढत नाही, तेव्हा त्यांनी टोपी सारखी केली, हात जोडले आणि सुरुवात केली.

‘बा देवा म्हाराजा! आज ह्या तुझा लेकरू नव्या कामाक हात घालता हा, त्येका यश दी!’

‘व्हय म्हाराजा!’ आम्ही म्हणालो. आम्ही म्हणजे मी, बायको आणि लाईटबिल द्यायला आलेला मुलगा.

‘काय चुकला-माकला आसात तां पोटात घाल! आणि कोणी वायरस सोडल्यान आसात, तर तो तेचो तेका परत पाठय रे म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’

मग मी बटण दाबलं आणि विंडोज सुरू झालं.

पेनड्राईव्हवरून सुरू व्हायला हवं असेल तर कॉम्प्युटर जागा होता होताच एक विशिष्ट बटण दाबावं लागतं. कुणाचं एफ-टू, कुणाचं एफ-ट्वेल्व्ह, कुणाचं एस्केप, कुणाचं डिलीट, बनवणाऱ्यागणिक वेगळं. आणि वेळ मिळतो सेकंद-दोन सेकंदांचा. सहा वेळा विंडोज आलं. आबा कंटाळून घरी गेले. सातव्या वेळी मी दोन्ही हातांची बोटं पेटीवाल्यासारखी पसरून सगळंच दाबलं, तेव्हा एक निळं पान उघडलं, बायोसचं. त्यात एक प्रश्न होता: वीज जाऊन परत आली तर काय करायचं, बंद राहायचं की आपोआप चालू व्हायचं? हे विचारणारा माणूस नक्की कोकणातला असणार. मी मोठ्या प्रेमाने ‘चालू’ केलं. हे लक्षात ठेवा.

मिंट लावून घेण्याआधी नुसतं वापरून बघता येतं, पेनड्राईव्हवरूनच, हार्ड डिस्कला हात न लावता. हे मला आवडलं. आमच्याकडेही काही पाहुणे आधी खोली बघतात, नळ सोडून बघतात, गादीवर बसून बघतात, आणि मग शेजारच्या होमस्टेत जातात. मी नळ सोडून बघितला. आवाज होता, चित्र होतं, वायफाय नव्हतं. पुतण्याला फोन केला. तो म्हणाला, मोबाईल वायरने जोडा आणि यूएसबी टेदरिंग चालू करा. केलं, आणि नेट आलं. अर्थात फोन फणसावर नसल्यामुळे ते फिरायलाच आलं होतं.

मग इन्स्टॉलेशन. कॉम्प्युटरच्या मराठीत याला प्रतिष्ठापना म्हणण्याचीही पद्धत आहे. घरात एका वर्षात दोन झाल्या. भाषा विचारली, यादीत मराठी होती, बरं वाटलं. कळफलक विचारला. मराठीच्या पर्यायांत एक ‘कगप’ नावाचा निघाला, बोलीप्रमाणे टंकायचा. मला वाटलं कखग लिहिताना कुणाची तरी चूक झाली. तर कगप म्हणजे कन्नड गणक परिषत्. तिच्या कळफलकाच्या धर्तीवर मराठीचा हा बेतलेला. सीमाप्रश्नाचा दावा २००४ सालापासून सर्वोच्च न्यायालयात पडून आहे, तोही एक वाटणीचाच दावा, आणि इकडे मराठी माणूस कानडी परिषदेच्या नावाखाली ‘ळ’ काढतो आहे. मी दोनदा इकडेतिकडे बघितलं आणि कगप घेतला. फार चांगला आहे.

यानंतर आली ती पट्टी.

एक पर्याय होता सगळी डिस्क पुसून लिनक्स एकट्याने राहण्याचा, दुसरा विंडोजच्या शेजारी राहण्याचा. पुतण्या म्हणत होता, पुसा. पण घरात इतकी वर्षं राहिलेल्याला एकदम बाहेर काढणं माझ्याने होईना. ५०० जीबीची जागा. मी दुभाजक मध्यावर नेला. मग वाटलं, नव्या बिऱ्हाडाला जास्त लागेल. थोडा विंडोजकडे सरकवला. मग वाटलं, थोरल्यावर अन्याय होतो, परत आणला. दहा मिनिटं मी एकटाच वादी, प्रतिवादी आणि न्यायाधीश होऊन रेघ इकडून तिकडे नेत होतो. आजोबा वरून बघत असतील तर त्यांना काय वाटलं असेल? शेवटी बायको म्हणाली, ‘तुमच्या बापसान सोडल्यान असता तर आज घर आपला असता. सोडा तां.’ मी बोट उचललं. वाटणी झाली. अपील नाही.

पुढचं पान जगाच्या नकाशाचं: तुम्ही कुठे आहात? मी नकाशात कोकणची किनार शोधून, रत्नागिरीच्या खाली, गोव्याच्या वर, जिथे शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर किल्ल्याचा पाया घातला, बरोबर तिथे टिचकी मारली. खाली नाव आलं कोलकाता. पुन्हा मारली. कोलकाता. भारताच्या एकाच प्रमाणवेळेला त्या यादीत कोलकात्याचं नाव आहे, त्याला इलाज नाही. बंगाली पाहुणे आमच्याकडे येतात, मासे सोडून दुसरं बोलत नाहीत. तेव्हा एका अर्थाने गाव तेच. पुढे गेलो.

फायली उतरायला वीसेक मिनिटं लागली. तेवढ्यात लाईट गेली नाही. याला आबा गाऱ्हाण्याचा प्रभाव म्हणतात, मी योगायोग. शेवटी ‘पेनड्राईव्ह काढा आणि एंटर दाबा’ असं आलं, मी दाबलं, पडदा काळा झाला आणि मग काळ्यावर दोन नावं उमटली, वर मिंट, खाली विंडोज. दहा सेकंदांत काही सांगितलं नाही तर वरचं उघडतं. उघडलं. ज्या कॉम्प्युटरला जागं व्हायला चहा उकळून थंड होईपर्यंत वेळ लागायचा, तो चहात साखर ढवळेपर्यंत उठून बसला. बायको म्हणाली, ‘पालीक पण समाजला नाय.’

खरी गंमत प्रिंटरने केली. दुसऱ्या दिवशी पुण्याचं एक जोडपं उतरायला येणार होतं, त्यांच्यासाठी जेवणाच्या थाळ्यांचा कागद छापायचा होता. सुरमई, बांगडा, मोरी, शाकाहारी, सगळ्यांबरोबर सोलकढी. प्रिंटची आज्ञा दिली, काही नाही. पुन्हा दिली. एकूण ११ वेळा. प्रिंटरचा हिरवा दिवा नुसता डोळे मिचकावत राहिला. मी पुतण्याला फोन लावला.

‘कप्सचा डीमन अडकला असेल,’ तो म्हणाला.

‘कोण?’

त्याने समजावलं ते असं. या घराण्याच्या सिस्टिमांत काही प्रोग्राम पडद्यावर दिसत नाहीत. पाठीमागे राहून रात्रंदिवस राखण करतात, आपापलं नेमून दिलेलं काम बघतात. १९६३ च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीतल्या मंडळींनी त्यांना डीमन नाव दिलं. भूतच, पण त्रास देणारं नव्हे, कामाचं. प्रत्येकाची हद्द ठरलेली. छपाईचा डीमन वेगळा, नेटचा वेगळा. रुसला तर त्याला मान देऊन पुन्हा उभा करावा लागतो.

मी फोन कानाला लावून गप्प बसलो. आमच्या वेशीवर वडाखाली असाच एक आहे. दिसत नाही. रात्री हातात काठी घेऊन हद्दीतून फिरतो, चुकलेल्याला वाट दाखवतो, आणि त्याला विडी-काडी वेळेवर पोचली नाही तर गाडी भर रस्त्यात बंद पडते. आम्ही त्याला देवचार म्हणतो. एमआयटीने काय शोधलं मग?

‘त्याला उठवायची आज्ञा टाइप करा,’ पुतण्या म्हणाला, ‘सुडो सिस्टिमसीटीएल रिस्टार्ट कप्स.’

‘कोणावर सूड घेतास?’ आतून आवाज आला.

सुडो म्हणजे सूड नव्हे. कॉम्प्युटरमधली काही कामं सोम्यागोम्याने करायची नसतात. ती ज्यांचं नाव यादीत आहे त्यांनीच, पासवर्ड देऊन. नाव नसेल तर कॉम्प्युटर सरळ नाही म्हणतो. पूर्वी तर नुसता नाही म्हणून थांबायचा नाही, या प्रकाराची नोंद वर कळवली जाईल असंही बजावायचा. देवळात बारा-पाचाचे मानकरी असतात, गाऱ्हाणं त्यांनीच घालायचं, दुसऱ्याने तोंड उघडलं तर वर्षभर चर्चा, तसंच. माझ्या घरात मी मानकरी नाही, पण या कॉम्प्युटरात आहे. मी पासवर्ड घालून आज्ञा दिली. प्रिंटर हलला नाही. लाईट गेली. आम्ही जेवून झोपलो.

रात्री दोनला लाईट आली.

यापुढचं मला नंतर जुळवून कळलं. बायोसमध्ये मी प्रेमाने ‘चालू’ केलं होतं, त्याप्रमाणे कॉम्प्युटर आपोआप उठला. दहा सेकंद वाट पाहून मिंट उघडलं. छपाईच्या देवचाराने आपलं दप्तर काढलं. त्यात न झालेल्या ११ कामांची नोंद तशीच होती, तो ती विसरत नाही. आणि लाईट जाऊन आल्यामुळे प्रिंटरचा रुसवाही गेला होता. अंधाऱ्या ओटीवर हिरवा दिवा पेटला आणि खर्र, खर्र, खर्र सुरू झालं.

पुण्याचे गृहस्थ दुसऱ्या दिवसाची वाट न बघता त्याच रात्री उशिरा येऊन ओटीलगतच्या खोलीत झोपले होते. ते बॅटरी घेऊन दारात आले तेव्हा कॉम्प्युटरच्या उजेडात, कुणीही माणूस जवळ नसताना, एकामागून एक कागद बाहेर येत होते. त्यांनी त्यातला एक उचलला. त्यावर मोरी थाळी होती. मोरी म्हणजे शार्क हे त्यांना ठाऊक नव्हतं. न्हाणीघरातली मोरी त्यांना ठाऊक होती.

आरडाओरडा ऐकून आबा कंदील घेऊन आले. सगळं ऐकून घेतलं, कागद मोजले, अकराच्या अकरा नीट लावून ठेवले आणि पाहुण्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, ‘भियाँ नको. देवचार आसा. काम पुरा करून गेलो.’

मी खुलासा करणार होतो. पण करायचा काय? आबा अक्षरशः खरं बोलत होते.

आता दोन महिने झाले. सगळी कामं मी मिंटमध्येच करतो. आबा अधूनमधून येऊन ‘पुदिनो कसो आसा?’ विचारतात. गावातले तिघे आपापले जुने लॅपटॉप घेऊन येऊन गेले, त्यातला एक उघडल्यावर आतून झुरळ निघालं, त्याला मी काही करू शकलो नाही. पेनड्राईव्ह त्या रापणकराच्या मुलाने नेलाय तो अजून फिरतोच आहे.

आणि विंडोज आहे तिथेच आहे, आपल्या अर्ध्या जागेत. आमच्या घरात मुंबईच्या चुलतभावाची जशी बंद खोली आहे तसं. ती आम्ही वापरत नाही, त्याला काढू शकत नाही, चवथीआधी एकदा उघडून जळमटं काढतो. तसा मीही कधीतरी काळ्या पानावर खाली उतरून ते दार उघडतो. आत सगळं होतं तसंच: तोच जुना पडदा, तीच अर्धवट राहिलेली पत्त्यांची बाजी. फक्त घड्याळ चुकतं. लिनक्स मशिनच्या आतल्या घड्याळात ग्रीनिचची वेळ भरून ठेवतो, आणि विंडोज तीच इथली वेळ समजतो. त्यामुळे नेट नसेल तेव्हा तिकडे सगळं साडेपाच तास मागे. एका ओळीच्या आज्ञेने ते सुधारतं. मी सुधारलेलं नाही.

परवा दुपारी दीडच्या सुमाराला असाच आत डोकावलो होतो. स्वयंपाकघरातून हाक आली, ‘पान वाढलंय, येतास मा?’

कोपऱ्यातलं घड्याळ बघितलं. ‘ह्येच्यात आत्ताशी आठ वाजलेत गो.’

‘मगे थंयच न्ह्यारी करा,’ ती म्हणाली, आणि बांगड्याच्या तिखल्यावर झाकण बसल्याचा आवाज आला.